मावशीचा थकवा

नकटीला घरात सगळे नकटी म्हणत, पण मुरडायच्या कामी ते नाक कधी कमी पडलं नाही. मेकअप अकॅडमीत नाव घातल्यापासून तर त्याला उसंतच नव्हती. वर्गातल्या मुली एकमेकींच्या भुवया कोरता कोरता 'किती गोड!' म्हणत चिवचिवायच्या, तेव्हा ही बेसिनपाशी पाठ करून ब्रश धूत बसायची. अकॅडमीच्या संचालिकांना सगळे मोठ्या मॅडम म्हणत. त्या रोज सकाळी आरशांच्या रांगेपुढे उभ्या राहून सांगत की सौंदर्य आतून येतं, आणि मग दुपारपर्यंत ते बाहेरून कसं थापायचं ते शिकवत. यातला विनोद नकटीला पहिल्याच दिवशी दिसला. बाकी कुणालाच तो दिसत नाही, याचा तिला मनस्वी राग यायचा.

अभ्यासक्रमाच्या शेवटी प्रोजेक्ट होता. प्रत्येकीने एक विषय घ्यायचा, त्यावर सहा चेहरे रंगवायचे, त्यांचे रीतसर फोटो काढून घ्यायचे आणि सगळ्याचं छापील पुस्तक करून परीक्षकांपुढे ठेवायचं. विषय सांगायच्या दिवशी एकीने जलपरी घेतली. दुसरीने ज्वाला घेतली. तिसरीने फुलपाखरू आणि चौथीनेही फुलपाखरूच, त्यावरून त्या दोघींचं बोलणं बंद झालं. मग नकटीची पाळी आली.

"थकवा," ती म्हणाली.

"मग घरी जा बाळा," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "विषय उद्या सांगितलास तरी चालेल."

"थकवा हाच विषय आहे, मॅडम."

"अच्छा! थकवा घालवणारा मेकअप."

"घालवणारा नाही, आणणारा. दिवसभर दुकानात उभ्या राहिलेल्या बाईचा चेहरा निराळा असतो. तान्हं मूल घेऊन जागलेलीचा निराळा. आजारी माणसाच्या उशाशी बसून असते तिचा आणखी निराळा. ते मला रंगवायचेत."

मॅडमनी सगळ्या वर्गाकडे बघून मान हलवली. "अगं, थकवा पैसे देऊन कोण लावून घेणार? तो घरी फुकट मिळतो."

वर्ग खदाखदा हसला. नकटीही हसली असती, कारण मॅडमच्या तोंडून वर्षभरात एवढं एकच वाक्य खरं निघालं होतं. पण हसणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. विषय तोच राहिला.

आता चेहरा हवा होता, सहाही थकवे पेलणारा एकच. आई दिवसा एका शाळेच्या ऑफिसात बसायची आणि संध्याकाळी घरी शिवणाची कामं घ्यायची. नकटीने तिला विचारून पाहिलं. आईने मशीनवरून मान वर केली नाही. "मला कुठे वेळ आहे थकवा रंगवून घ्यायला? आहे तो पुरतोय."

खरं तर आईचा चेहरा कामाचाही नव्हता. रंगवायला कोरी जागा लागते, आणि आईच्या चेहऱ्यावर ती शिल्लक नव्हती. कोरा चेहरा हवा तर मावशीकडेच जायला हवं होतं.

मावशी म्हणजे आईची पाठची बहीण. दोन गल्ल्या पलीकडे राहायची. नवऱ्याची चांगली नोकरी, पाठीमागे कसलं झंझट नाही, घरी कामाला बाई. आयुष्यात तिने एकच गोष्ट मन लावून केली होती, ती म्हणजे दुपारची झोप. पन्नाशी उंबऱ्यावर आली होती तरी चेहरा सोललेल्या अंड्यासारखा. नकटीला मावशीबद्दल जो तुच्छतेचा डोंगर वाटायचा, त्याच्या पायथ्याशी थोडी माया होती, पण ती खणून काढायला सवड कुणाला होती?

"मॉडेल?" मावशीने लगेच आरशाकडे नजर टाकली. "मी कधीपासून सांगतेय तुझ्या काकांना, माझा चेहरा फोटोत छान येतो म्हणून. पुस्तकात छापून येणार ना?"

"रंगीत," नकटी म्हणाली. विषय काय आहे ते मात्र तिने सांगितलं नाही. खोटं बोलली नाही. फक्त तोंड उघडलं नाही.

पहिलं शूट मावशीच्याच स्वयंपाकघरात झालं. फोटो काढायला जलपरीवालीचा चुलतभाऊ आला होता. त्याच्या चेहऱ्यावर दाढीखेरीज दुसरं काही नजरेत भरत नसल्यामुळे नकटीने त्याचं नाव दाढी ठेवलं. दाढीने आजवर फक्त लग्नाचे फोटो काढले होते. आल्या आल्या त्याने खिडकीचा पडदा सारखा केला, ओट्यावर फुलदाणी ठेवली आणि म्हणाला, "मावशी, जरा लाजा."

"लाजायचं नाहीये तिला," नकटीने फुलदाणी उचलून आत नेऊन ठेवली.

मग तिने मावशीला स्टुलावर बसवलं आणि कामाला हात घातला. डोळ्यांखाली आधी जांभळट रंग, त्यावर किंचित हिरवट करडा, आणि बोटाच्या टोकाने थापटून थापटून तो असा मुरवला की रंग कुठे संपतो आणि कातडी कुठे सुरू होते ते कळू नये. पापण्यांच्या कडेला लालसर रेघ, रेघ वाटणार नाही इतकी पुसट. ओठांचा रंग काढून त्यांच्यावर पावडर मारली, ते वाळल्यासारखे झाले. गालाखाली बोटभर सावली. कपाळावरचे केस पाण्याच्या हाताने चिकटवले. काम करताना नकटी कुणाचा तिरस्कार करत नसे; तेवढ्यापुरती ती विसरायची.

मावशीने आरसा मागितला आणि किंचाळलीच. "हे काय केलंस गं! मी आजारी दिसतेय!"

"आजारी नाही. थकलेली."

"मी? कशाने?"

या प्रश्नाला त्या घरात कुणापाशीच उत्तर नव्हतं. दाढीने घाईघाईने कॅमेरा डोळ्याला लावला. मावशी एवढी भडकली होती की थकलेली दिसेना, म्हणून नकटीने तिला सिंकपाशी भांडी घासायला उभं केलं. चौथ्या पातेल्याशी चेहरा आपोआप जमला. मधेच मावशी बाथरूमला म्हणून गेली आणि लाल लिपस्टिक लावून परत आली. नकटीने टिश्यूने ती पुसली. हा प्रकार पुढे प्रत्येक शूटला झाला.

दुसरं शूट नकटीच्या बिल्डिंगच्या जिन्यात होतं. हातात दोन जड पिशव्या, एक पाय वरच्या पायरीवर, आणि पुढच्या पायऱ्या संपतच नाहीत असा चेहरा. दाढी वरच्या मजल्यावरून कोन शोधत होता, नकटी त्याच्याशी भांडत होती, आणि मावशी खाली एकटीच उभी होती. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या बाई बाहेर आल्या. या बाई नर्सिंग कॉलेजात शिकवायच्या, आणि बिल्डिंगमधल्या कुणाला शिंक आली तरी नाडी बघायच्या.

"अहो, काय झालं? किती उतरलाय चेहरा!" त्यांनी पिशव्या काढून घेतल्या, मनगट धरलं, घरातून खुर्ची आणली, मावशीला बसवलं आणि साखरपाणी आणायला आत धावल्या.

मावशी आधी फणकारणारच होती. पण खुर्ची मऊ होती आणि साखरपाणी थंड होतं. तिने एक घोट घेतला, डोळे मिटले आणि असा सुस्कारा सोडला की वरच्या मजल्यावर नकटीला ऐकू आला. "काय सांगायचं हो," मावशी म्हणाली. "घरात सगळं एकटीनेच बघावं लागतं."

नकटीने तोंडात ओढणी कोंबली. दाढीने मात्र तो सुस्कारा बरोबर टिपला.

त्यानंतर मावशीच रोज विचारायची, आता पुढचा थकवा कधी? शूट संपलं तरी चेहरा धुवायला तयार होईना. तशीच चालत घरी जायची. वाटेत वाणी सामान घरपोच करतो म्हणायचा, बँकेत लोक तिला पुढे जाऊ द्यायचे. काकांनी तर लग्नानंतर पहिल्यांदा स्वतःच्या हाताने चहा केला. "कसा का असेना, केला!" मावशी सांगत सुटली. आयुष्यभर काडी न उचललेली बाई रंगाच्या जोरावर सहानुभूती गोळा करत हिंडतेय, आणि खरी थकलेली घरात मशीन चालवतेय, हे बघून नकटीचं डोकं फिरायचं. तिने एका रात्री आईला फोटो दाखवले. आईने चष्मा लावून प्रत्येक फोटो नीट पाहिला.

"चांगली झालीय," आई म्हणाली. "हिला थकलेली बघायची माझी फार जुनी इच्छा होती." आणि दोऱ्याचं टोक ओलं करून सुईत ओवलं.

पहिल्या मजल्यावरच्या बाईंना खरा प्रकार कळला तेव्हा त्या तरातरा वर आल्या. "अगं, मी जन्मभर पेशंट बघितलेत! आणि तुझ्या मावशीने मला बनवलं?"

नकटीने आढेवेढे न घेता माफी मागितली. एवढी मोठी पावती तिला आजवर कुणी दिली नव्हती.

बाई जरा निवल्या. "कावीळ येते का तुला करता? ताप? पोळल्याच्या जखमा? आमच्याकडे सरावाला धडधाकट माणसं झोपवतो आणि मुली फिदीफिदी हसतात. परीक्षा झाली की येऊन भेट."

"बघते," नकटी म्हणाली. तेव्हा तिच्या डोक्यात फक्त पुस्तक होतं.

फोटो निवडायला तिला आठवडा लागला. प्रत्येकाखाली एकच ओळ, मोठ्या अक्षरात काही नाही. काळं कव्हर, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'थकवा'. हे सगळं पेनड्राइव्हवर घालून ती प्रेसमध्ये गेली. आत शाईचा आणि गरम कागदाचा वास, मागे मशीन धडधडतंय, आणि पुढच्या काचेच्या खोलीत डिझायनर, कपाळावर चष्मा, गालात बडीशेप. त्याच्या भिंतीवर हळदीच्या क्रीमपासून प्लास्टिकच्या खुर्च्यांपर्यंत सगळ्याचे कॅटलॉग टांगलेले होते.

"फोटोंना हात लावायचा नाही," नकटीने बजावलं. "फक्त पानं लावायची."

"ताई, तुम्ही निश्चिंत राहा," डिझायनर म्हणाला, आणि तिथेच तिने निश्चिंत राहायला नको होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती पुस्तकं घ्यायला गेली. कव्हर झकास आलं होतं. तिने पहिलं पान उघडलं. स्वयंपाकघरात, खरकट्या भांड्यांच्या ढिगापाशी, एक पंचविशीतली तरुणी उभी होती. गाल दुधावरच्या सायीसारखे. डोळ्यांखाली एक छटा नाही. ओठ गुलाबी. दुसऱ्या पानावर तीच तरुणी जड पिशव्या घेऊन जिन्यात उभी होती आणि अशी ताजीतवानी होती, जणू पिशव्यांत हवा भरलीय. सहाही पानं तशीच. जांभळा गेला, करडा गेला, पापण्यांची लाली गेली. तिचा दोन महिन्यांचा घाम गेला.

"कसं वाटलं?" डिझायनरने चष्मा डोळ्यांवर घेतला. "दोन रात्री बसलो. फोटोतल्या मॅडमच्या डोळ्यांखाली भलतंच काळं आलं होतं. एकेक डाग काढलाय. पैसे नाही लावले त्याचे."

"तो मेकअप होता!"

"कुठे?"

"ते काळं! तोच मेकअप होता! नाव वाचलंत ना कव्हरवरचं?"

"वाचलं की. थकवा." तो खरंच गोंधळला होता. "मला वाटलं, क्रीमचा कॅटलॉग आहे. थकवा घालवायचं क्रीम."

नकटीने पुढची काही वाक्यं अशी उच्चारली की मागचं मशीन चालवणारा मशीन बंद करून ऐकायला आला. पण शिव्यांनी छपाई उलटी होत नाही. पुन्हा छापायचं तर निदान दोन दिवस हवे होते. मशीनवर एका शाळेच्या प्रगतिपत्रकांचे गठ्ठे चढले होते. पुस्तक ठेवलं नाही तर वर्ष जाणार. ती गठ्ठा काखेत मारून निघाली. घरी मावशी वाट बघत बसली होती. तिने पुस्तक उघडलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नकटे," ती म्हणाली, "मला वाटायचं तुला माझ्याबद्दल काही वाटत नाही."

मावशीने एक प्रत छातीशी धरली आणि ती घेऊनच गेली.

परीक्षेला मॉडेलनाही बोलावलं होतं. हॉलमध्ये जलपरी खवले सावरत उभी होती, ज्वालेला घाम फुटला होता आणि दोन्ही फुलपाखरं एकमेकांकडे पाठ करून बसली होती. मावशी ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत. परीक्षक म्हणून एका मोठ्या सौंदर्यप्रसाधन कंपनीतून एक बाई आल्या होत्या. त्यांनी कुठलंही पुस्तक मिनिटभरापेक्षा जास्त हातात धरलं नाही. नकटीचं मात्र त्या उलटत राहिल्या.

"वा," त्या म्हणाल्या. "ही घासायची भांडी, ही ओझी, आणि चेहऱ्यावर मागमूस नाही. बाई आपला थकवा कसा झाकते, हेच दाखवलंयस ना? फार खोल विचार आहे."

"मीच तिला म्हटलं होतं," मोठ्या मॅडम पुढे सरकल्या. "विषय अवघड आहे, पण घे."

नकटीला क्षणभर गार वाटलं, नाही असं नाही. पहिला नंबर समोर दिसत होता. गप्प बसलं की झालं. मावशी मागे वळून जलपरीच्या आईला सांगत होती, "मीच ती." पण नकटीला खोटं सोसायचं नाही असं नव्हतं, तिला मूर्खपणा सोसायचा नाही. आणि आता तर त्या मूर्खपणाने तिच्याच गळ्यात हार घालायला घेतला होता.

"आणि बेस!" परीक्षक बाईंनी बोट पानावरून फिरवलं. "सगळ्या वर्गात असा बेस नाही. कुठलं फाउंडेशन वापरलंस?"

"कुठलंच नाही," नकटी म्हणाली. "कॉम्प्युटर वापरला. तोही मी नाही, प्रेसवाल्याने."

मग तिने सगळं सांगितलं, आणि फोन काढून मूळ फोटो पुढे धरले. परीक्षक बाईंनी दोन पाहिले.

"हे तर वाईट दिसतंय."

"हो."

"मुद्दाम केलंयस?"

"मुद्दाम. खूप वेळ लागतो त्याला."

बाईंनी फोन परत दिला. "मग याला मेकअप कशासाठी म्हणायचं?" असं म्हणून त्या जलपरीकडे वळल्या. पहिला नंबर जलपरीला मिळाला. तिचे खवले बक्षीस घेताना स्टेजवर सांडले. नकटीला कसंबसं पास केलं, शेऱ्यात लिहिलं: विषयाची निवड चुकली.

मावशी उठून निघाली होती. नकटी तिला दारात गाठायला धावली.

"सगळ्यांदेखत सांगायची काय गरज होती?" मावशीचा आवाज बसला होता. त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते कुठल्याही ब्रशने आलेलं नव्हतं, आणि नकटीला ते बघवेना. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला. मावशी पुढे तीन आठवडे तिच्याशी बोलली नाही. पुस्तक मात्र घरी आलेल्या प्रत्येकाला दाखवत राहिली. कॉम्प्युटरचं तिने कुणाला सांगितलं नाही.

सुट्टीत नकटी सर्टिफिकेट घ्यायला अकॅडमीत गेली, तर रिसेप्शनच्या टेबलावर तिचंच पुस्तक. कव्हरवर अकॅडमीचा शिक्का, आणि 'थकवा' हा शब्द सोनेरी स्टिकरने झाकलेला. स्टिकरवर छापलं होतं: आमच्या विद्यार्थिनींची किमया. एक आई आणि मुलगी ते पुस्तक चाळत बसल्या होत्या. मुलीने डोळे विस्फारून विचारलं, "हे इथे शिकवतात का?"

मोठ्या मॅडम केबिनमधून लगबगीने बाहेर आल्या. "हो तर! आणि ही बघा, हीच ती मुलगी! आम्ही हिला पुढच्या बॅचला बेस शिकवायलाच घेणार आहोत." त्यांनी नकटीच्या खांद्यावर हात ठेवला. हा बेत नकटीलाही तेव्हाच कळला.

नकटीने तो हात उचलून बाजूला ठेवला. "हे इथे शिकवत नाहीत," ती त्या मुलीला म्हणाली. "हे प्रेसमध्ये शिकवतात. पत्ता देते." आणि तिने रिसेप्शनवरच्याच कागदावर, मॅडमच्याच पेनने, प्रेसचा पत्ता लिहून दिला. खाली डिझायनरसाठी लिहिलं: माणूस मनापासून काम करतो, फक्त वाचत नाही.

मॅडमचा चेहरा असा झाला की त्यावर सहा फोटो सहज निघाले असते. सर्टिफिकेट मात्र त्यांना द्यावंच लागलं.

पुढच्या सोमवारी नकटी पहिल्या मजल्यावरच्या बाईंबरोबर नर्सिंग कॉलेजात गेली. मोठी खोली, लोखंडी खाटांच्या रांगा, पांढऱ्या चादरी, आणि खाटांवर कॉलेजातलीच माणसं आज पेशंट म्हणून पडलेली. पहिल्या खाटेवर ऑफिसातला एक जाडजूड क्लार्क होता. मिशीला तेल, गाल तुकतुकीत. त्याला कावीळ करायची होती. नकटीने पेटी उघडली, पिवळ्यात थोडा मातकट रंग कालवला आणि त्याच्या हनुवटीला धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "जरा बरा दिसेन असं करा ना. बायकोला फोटो पाठवायचाय."

"हलू नका," नकटी म्हणाली, आणि त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात आणखी थोडं पिवळं भरलं.